उघडी राहिलेली झडप

मराठ्यांच्या फौजेत पूर्वी बाण असत. दारूने ठासलेली नळी लांब काठीला बांधीत, आणि ती काठीच बाणाला सरळ नेई. वाटेत त्याने चार गिरक्या घेतल्या तरी बाण सोडणाऱ्यास त्याची क्षिती नसे. उपग्रह वाहून नेणाऱ्या अग्निबाणाला मात्र ही चैन परवडत नाही. देहच भोवऱ्यासारखा फिरू लागला, तर पोटातील मार्गदर्शक यंत्राच्या लेखी उजव्याडाव्याचा मेळ उरत नाही. जेथे हवा विरळ होऊन पंख निरुपयोगी ठरतात, तेथे अंगाला बसविलेल्या चिमुकल्या इंजिनांच्या झोतांनीच गिरकी आवरावी लागते आणि कललेले डोके सावरावे लागते. म्हणून उड्डाणापूर्वी जमिनीवर त्यांची झडपन् झडप तपासतात.

भारताचा पहिला उपग्रहवाहक अग्निबाण एस्. एल्. व्ही.-३ हा सुमारे २२ मीटर उंचीचा, १७ टन वजनाचा व चार टप्प्यांचा होता. त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे नियंत्रण दोन द्रवांवर चाले. एक इंधन, आणि दुसरे त्याला जाळणारे तांबूस वाफांचे नायट्रिक आम्ल. दोन्ही एकत्र आली तरच झोत निघावयाचा.

१० ऑगस्ट १९७९ ची सकाळ. श्रीहरिकोट्यास उलटी गणती चालू होती. आठ मिनिटे उरली असता आम्लाच्या टाकीवरील झडपेला पहिली आज्ञा गेली. झडप उघडली, पण आत अडकलेल्या मळामुळे पुन्हा मिटली नाही. आम्ल गळू लागले. संगणकाने गणती थांबविली. तथापि साठा पुरेसा आहे असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला, आणि प्रकल्प-संचालक अब्दुल कलाम यांनी संगणकाचा निर्णय बाजूस सारला. ही हकीगत पुढे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. यंत्राचा इशारा हीदेखील एक चाचणीच असते; पण इतक्या वर्षांचे श्रम समोर उभे असताना ती चाचणी मानणे सोपे नव्हे.

७ वाजून ५८ मिनिटांनी अग्निबाण उडाला. पहिला टप्पा निर्दोष पार पडला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रणाची आज्ञा सुटली तेव्हा नुसते इंधनच बाहेर आले. झोत निघालाच नाही! ३१७ सेकंदांत खेळ आटोपला आणि अवशेष ५६० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात पडले. वार्ताहरांना सामोरे गेले ते अवकाश संशोधन संघटनेचे अध्यक्ष सतीश धवन. अपयशाचा भार त्यांनी स्वतःकडे घेतला.

पुढील तयारीच्या काळात थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राची सूत्रे डॉ. वसंत गोवारीकर या पुणेकर शास्त्रज्ञाकडे आली. घन इंधनाच्या संशोधनात त्यांची हयात गेली होती. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या एस्. एल्. व्ही.-३ ने ३५ किलोग्रॅमचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. त्या दिवशी वार्ताहरांपुढे धवन यांनी कलामांना पाठविले.