वाहनांवरील अतिरिक्त दिवे (भारतातील नियम)
उत्पादकाने मूळ वाहनात बसविलेल्या दिव्यांखेरीज मालकाने नंतर जोडलेले पूरक दिवे. त्यांचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार होते (पहा : मोटार वाहन कायदा). नियम १०६ प्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत असा वळविलेला असावा लागतो, की दिव्यापासून ८ मी. अंतरावर, ०.५ मी. उजवीकडे आणि जमिनीपासून १.५ मी. उंचीवर असलेले डोळे दिपू नयेत. वेड्यावाकड्या कोनात बसविलेल्या प्रखर एलईडी पट्ट्या या कसोटीवर सहसा टिकत नाहीत. शोधदीप व झोतदीप पुढे लावण्यास नियम १११ ने मनाई असून अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते (पहा : प्रादेशिक परिवहन कार्यालय). पुढे तांबडा व मागे तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दाखविण्यावर नियम १०८ चे निर्बंध आहेत. मागे जाताना लागणारा पांढरा दिवा त्यातून वगळलेला आहे. मान्यवरांच्या मोटारींवरील लाल दिव्याची सवलत १ मे २०१७ पासून संपुष्टात आली. कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल रोखते. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेले भाग जोडून वाहनात बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.