बिकिनीचा नारळ आणि मात्रेचे गणित

अणुयुगातील विस्थापनाच्या इतिहासात साक्षीइतकेच मोजमापही महत्त्वाचे साधन ठरते. मार्शल बेटांतील बिकिनी या प्रवाळद्वीपावरील १६७ रहिवाशांना १९४६ मध्ये अमेरिकेने अणुचाचण्यांसाठी अन्यत्र हलविले. १९५८ पर्यंत तेथे २३ स्फोट झाले. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी परतीची घोषणा केली आणि पुढील दशकाच्या आरंभी काही कुटुंबे परतली.

बाहेरील किरणोत्सर्ग उपकरणाने मोजता येतो. देहात शिरणाऱ्या किरणोत्सर्गाचा पूर्वअंदाज मात्र आहारावरून बांधावा लागतो. प्रवाळी जमिनीत पोटॅशियम अत्यल्प असते. त्यामुळे त्याच्याशी रासायनिक साधर्म्य असलेले सीझियम-१३७ नारळ, नीरफणस व केवड्याच्या कुळातील फळे यांत सहज शोषले जाते. प्रौढांच्या शरीरातून निम्मे सीझियम बाहेर पडण्यास सुमारे १०० दिवस लागतात. साहजिकच शरीरातील साठा रोजच्या जेवणावर ठरतो.

येथेच गणित चुकले. स्थानिक नारळाचे सेवन प्रत्यक्षाहून फार कमी गृहीत धरले गेले होते. ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या संपूर्ण-देह मापनांत रहिवाशांच्या शरीरातील सीझियम वाढत असल्याचे दिसले आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले.

मात्रेचा अंदाज हे पदार्थविज्ञानाइतकेच लोकजीवनाचे वर्णन होते. सीझियमचे मोजमाप कितीही अचूक असले, तरी नारळावर जगणाऱ्या समाजाचे वर्णन अपुरे होते. त्या अपुरेपणाची किंमत बिकिनीवासीयांनी दुसऱ्या विस्थापनाने मोजली.