नीराकाठच्या चार पिढ्या : कर्ज आणि शिल्लक

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली जाते, देणगीदारांची नावे छापली जातात. हे सर्व उचितच आहे. परंतु ज्या घरांतून हे विद्यार्थी व हे देणगीदार पुढे आले, त्या घरांचा जमाखर्च पिढ्यान्‌पिढ्या कसा चालला याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आज घरोघरी एक वाद ऐकू येतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, कर्ज म्हणजे गळ्याचा फास; मुले म्हणतात, कर्जावाचून धंदा उभा राहत नाही. दोन्ही पक्ष अनुभवानेच बोलतात, पण समोरच्याचा अनुभव कोठून आला हे मात्र एकमेकांस ठाऊक नसते. तो वाद थोडा समंजस व्हावा, या हेतूने आमच्या कोऱ्हाळे बुद्रुक परिसराचा वृत्तान्त आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जुन्या माणसांच्या मनातील कर्जाची भीती निराधार नव्हती. इंदापूर तालुक्यात १८३६ साली इंग्रजांनी नवी जमाबंदी केली. तिची मुदत संपल्यावर १८६७ साली फेरआकारणी होऊन सारा वाढला. त्याच सुमारास दुसरे संकट आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला अपूर्व भाव आला होता व सावकारही सढळ हाताने उचल देत होते. युद्ध संपताच भाव उतरले आणि उचल थांबली. सारा मात्र रोखीनेच भरावा लागे. शेतकरी सावकाराच्या दारी गेला व वाचता न येणाऱ्या कागदावर निशाणी करून परतला. याचा स्फोट १२ मे १८७५ रोजी सुपे येथे झाला. सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. तेथून दंगा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. तो त्याच्या दप्तरावर होता. कर्जखते व रोखे हाती आले की ते जाळून टाकीत. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लोकांना कर्ज जितके बोचत होते, त्याहून अधिक बोचत होती ती आपल्याला न कळणारी वही. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही अक्षरशून्य शेतकरी कागदपत्रांत कसा नाडला जातो हेच दुःख मांडले आहे. या पिढीने शिल्लक ठेवली ती पेवातल्या धान्यात आणि बायकांच्या अंगावरील सोन्यात. कागदावर तिचा विश्वास उरला नव्हता.

दुसऱ्या पिढीचा इतिहास पाण्याने घडविला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला आणि १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आले. जिराईत रानात ऊस उभा राहिला. सासवडकडची आपली अनेक माळी कुटुंबे या पाण्यामागोमाग खाली आली आणि खंडाने जमिनी घेऊन ऊस व गूळ करू लागली. परंतु ऊस हे उपाशीपोटी होणारे पीक नव्हे. बेणे, पेंड, पाणीपट्टी, मजुरी, गुऱ्हाळाचा खर्च हे सारे आधी घालावयाचे आणि वर्ष-दीड वर्षाने पैसा पाहावयाचा. गुळाचे अडत्ये उचल देत आणि मालही स्वतःकडेच ओढून घेत. ज्यांचे वडील कर्जाच्या नावाने दचकत, तेच लोक आता दर हंगामाला कर्ज काढू लागले. कारण कर्जावाचून ऊस नव्हता. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांचा मार्ग मोकळा झाला. १९११ साली मुंबईत स्थापन झालेल्या मध्यवर्ती सहकारी बँकेने कालव्यावरील बागाईतदारांसाठी बारामतीस शाखा काढली. वही आता सोसायटीच्या कचेरीत आली आणि सभासदाला ती पाहता येऊ लागली.

या पिढीने पाण्यापासून आणखी एक धडा घेतला. पाटाचे पाणी हाताशी आहे म्हणून ते बेसुमार दिले, तेथे काही वर्षांत जमीन चिबड झाली, वर खार फुटला आणि ऊसही येईना. कर्जाचेही तसेच आहे, असे जुने बागाईतदार म्हणत.

अशा स्थितीत १९२९ ची जागतिक मंदी आली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील पडझडीचा नीराकाठच्या गुऱ्हाळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की जगभर शेतमालाचे भाव कोसळले आणि त्यांत गूळही आला. हिशेब सोपा आहे. समजा, ढेप दहा रुपयांना विकत असताना एखाद्याने शंभर रुपये काढले; म्हणजे त्याचे देणे दहा ढेपांचे झाले. भाव पाचावर येताच तेच देणे वीस ढेपांचे होते. वहीतील आकडा तसाच राहतो आणि डोक्यावरचा भार मात्र दुप्पट होतो. काटकसरी व उधळ्या असे दोघेही या फेऱ्यात सापडले.

त्या वेळी दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, आजीच्या अंगावरचे सोने. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडल्यावर रुपयात सोन्याचा भाव चढला आणि देशभरातील घरांतून पाटल्या, पुतळ्या, गोठ बाहेर पडून सोने मोठ्या प्रमाणात परदेशी गेले. मागच्या पिढीच्या ज्या सवयीला शहाणे लोक हसत असत, तिनेच अनेकांच्या जमिनी राखल्या. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गुळाच्या भावावर अवलंबून राहिलो तर बुडू, हे ओळखून सासवडच्या माळी बागाईतदारांनी भांडवल एकत्र केले आणि १९३२ साली सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी साखरधंद्यास सरकारी संरक्षण मिळाले होते. अकलूजजवळ माळशिरस तालुक्यात कारखाना व माळीनगर उभे राहिले. ऐन मंदीत, ऊस पिकविणाऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. एकेकट्याची शिल्लक संकटात पुरली नसती; एकत्र केली तेव्हा तिचे भांडवल झाले.

तिसरी पिढी ही आमच्या वडिलांची. १९३९ च्या कायद्याने कर्जनिवारण मंडळे आली, १९४६ मध्ये सावकारीवर नियंत्रण आले. तरीही १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणीत असे दिसले की देशातील शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सहकारी संस्थांकडून सुमारे तीनच रुपये येत व जवळजवळ सत्तर सावकारांकडून येत. महाराष्ट्रात १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि पुढील दीड दशकात आपल्या भागात माळेगाव व सोमेश्वर हे कारखाने उभे राहिले. वडिलांच्या पिढीने उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली दिली, भागभांडवल कापू दिले आणि उरलेल्यात मुलांना शिकविले. १९७२ चा दुष्काळ त्यांनी पाहिला. म्हणून चालू कर्ज फिटल्याखेरीज नव्या कर्जाची गोष्ट त्यांना रुचत नसे.

आता आमची मुले. घर, वाहन, शिक्षण, ठिबक, ट्रॅक्टर, सर्व कर्जावर उभे राहते, आणि त्यातील बरेचसे योग्यही आहे. परंतु मोबाइलवर काही मिनिटांत मिळणारे कर्जही आहे. त्याच्या अटी न वाचता 'मान्य' म्हणणारा पदवीधर आणि निशाणी करणारा १८७५ चा शेतकरी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत बँकांनी सहा महिने हप्ते थांबविण्याची सवलत दिली. अनेक तरुणांना ती माफीच वाटली. व्याज मात्र चालूच होते. ज्यांच्या घरी आईने भिशीत वा बचत गटात चार पैसे टाकले होते, त्यांना त्या महिन्यांत हात पसरावा लागला नाही.

एवढ्या इतिहासावरून आमचे मत असे झाले आहे की वडीलधाऱ्यांची भीती आणि मुलांचे धाडस यांपैकी एकच खरे मानण्याचे कारण नाही. कर्ज उत्पन्न वाढविण्यासाठी आहे काय, भाव निम्मा झाला तरी ते फिटेल काय आणि त्याची वही आपल्याला वाचता येते काय, हे तीन प्रश्न चारही पिढ्यांना सारखेच लागू पडतात. लग्नासाठी काढलेले कर्ज पहिल्याच प्रश्नावर नापास होते, हे आपल्या समाजातील वधूपिते व वरपिते दोघांनीही मनावर घ्यावे.

समाजबांधवांना व भगिनींना आमची एक विनंती आहे. घरातील वृद्धांजवळ बसून आपल्या कुटुंबाने कोणते कर्ज कशासाठी काढले, ते कसे फेडले आणि काय गहाण टाकले किंवा सोडविले, हे एका वहीत लिहून ठेवावे. आज ऐंशी-नव्वदीत असलेली माणसे आहेत तोवरच हे होईल. ती वही मुलासुनांनी, मुलीजावयांनी वाचावी आणि पुढचे कर्ज काढताना एकवार उघडावी.