नोंदींचा शोध आणि गाळणी (विदागार)

वैयक्तिक संगणकावरील विदागारात, म्हणजेच डेटाबेसमध्ये, साठवलेल्या अनेक नोंदींतून हव्या तेवढ्याच नोंदी समोर आणण्याच्या दोन प्रमुख पद्धती म्हणजे शोध आणि गाळणी. शोधामुळे वापरकर्ता एका वेळी एका नोंदीपाशी पोहोचतो. गाळणीमुळे, म्हणजेच फिल्टरमुळे, निकषात बसणाऱ्या सर्व नोंदी पडद्यावर राहतात आणि बाकीच्या नजरेआड होतात. नजरेआड झालेल्या नोंदी पुसल्या जात नाहीत. गाळणी उठवताच त्या पूर्ववत दिसतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आणि लिबरऑफिस बेस या दोन्ही आज्ञावलींत या सोयी आहेत. पुढील विवेचनात ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीचे उदाहरण घेतले आहे.

पूर्वपीठिका

१९८० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या डीबेस या आज्ञावलीत ही कामे लेखी आज्ञांनी होत. ‘लोकेट’ ही आज्ञा निकषात बसणारी पहिली नोंद गाठून देई, ‘कंटिन्यू’ पुढची, आणि ‘सेट फिल्टर’ गाळणी लावी. आयबीएममधील मोशे झ्लूफ यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत मात्र आज्ञा लिहिण्याऐवजी रिकाम्या तक्त्यात उदाहरणादाखल निकष भरले की काम होई. आजच्या आज्ञावलींतील पृच्छा तयार करण्याचे तक्ते याच कल्पनेवर उभे आहेत.

शोध

ॲक्सेसमध्ये कंट्रोल आणि एफ या कळा एकत्र दाबल्या की शोधाची खिडकी उघडते. शोधायचा मजकूर संपूर्ण रकान्याशी जुळावा, रकान्याच्या आरंभाशी जुळावा की रकान्यात कुठेही आढळावा, हे तेथे ठरवता येते. ‘संपूर्ण रकाना’ हा पर्याय निवडलेला असताना केवळ ‘माडगूळकर’ असे लिहिल्यास ‘व्यंकटेश माडगूळकर’ ही नोंद सापडत नाही. ‘पुस्तक संग्रहात नाही’ असे उत्तर वाचकाला मिळण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

अक्षरयोजनेविषयी खात्री नसेल तेव्हा वाइल्डकार्ड चिन्हे उपयोगी पडतात. तारांकन कितीही चिन्हांच्या जागी चालते, प्रश्नचिन्ह नेमक्या एका चिन्हाच्या जागी. एसक्यूएल भाषेत थेट लिहिताना बेसमध्ये याच कामासाठी अनुक्रमे टक्केचिन्ह आणि अधोरेखा वापरतात.

गाळणी आणि निकषांची जुळणी

एखाद्या रकान्यातील मूल्य निवडून ‘एवढेच दाखवा’ असे सांगणे हा गाळणीचा सर्वांत सोपा प्रकार होय. एकाहून अधिक निकष असतील तेव्हा ‘आणि’ व ‘किंवा’ यांची जुळणी नीट करावी लागते. ॲक्सेसच्या पृच्छा-तक्त्यात एका ओळीतील निकष ‘आणि’ने जोडले जातात, वेगवेगळ्या ओळींतील ‘किंवा’ने. व्यंकटेश माडगूळकर किंवा दि. बा. मोकाशी यांची १९६० पूर्वी प्रकाशित झालेली पुस्तके हवी असतील, तर वर्षाचा निकष दोन्ही लेखकांच्या ओळींत लिहावा लागतो. तो पहिल्याच ओळीत लिहिल्यास मोकाशींची सर्व काळातील पुस्तके यादीत येतात. ही चूक यादी पाहताक्षणी ध्यानात येते, कारण नको असलेली नोंद डोळ्यांना दिसते. सुटलेली नोंद तशी दिसत नाही. पुढील तीन अडचणी याच जातीच्या आहेत.

रिक्त रकाने

रकान्यात काहीच भरलेले नसेल, तर विदागाराच्या परिभाषेत तेथे ‘नल’ असते. नल म्हणजे शून्य नव्हे. ‘मूल्य ज्ञात नाही’ अशी ती स्थिती आहे. त्यामुळे नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर ‘खरे’ही नसते आणि ‘खोटे’ही नसते, ते ‘अज्ञात’ असते. आणि पृच्छा केवळ ‘खरे’ ठरलेल्या नोंदीच दाखवते. ‘प्रकाशक मौज नाही’ असा निकष पृच्छेत लिहिला, तर ज्या जुन्या पुस्तकांचे मुखपृष्ठ फाटल्यामुळे प्रकाशकाची नोंदच झालेली नाही, ती सर्व पुस्तके यादीतून गळतात. ‘प्रकाशक मौज’ आणि ‘प्रकाशक मौज नाही’ या दोन याद्यांची बेरीज मग एकूण संख्येइतकी भरत नाही. यासाठी ‘किंवा रकाना नल आहे’ असा निकष जोडावा लागतो. बेसच्या शोधखिडकीत केवळ रिक्त रकाने शोधण्याचा स्वतंत्र पर्याय आहे.

तारखा

ॲक्सेसमध्ये एसक्यूएल भाषेत लिहिलेली तारीख अमेरिकी रीतीने, म्हणजे आधी महिना व मग दिवस अशी, वाचली जाते. संगणकावर भारतीय पद्धत निवडलेली असली तरीही. ५ जूनसाठी ५/६ लिहिल्यास ती ६ मे ठरते. २५/६ मात्र २५ जून अशीच वाचली जाते, कारण पंचविसावा महिना अस्तित्वात नाही. महिन्याच्या उत्तरार्धातील तारखांवर तपासून पाहणाऱ्याला पृच्छा बिनचूक वाटते ती यामुळे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिल्यास संदिग्धता राहत नाही. तारखेसोबत वेळही साठवलेली असेल, तर ‘३१ मार्चपर्यंत’ हा निकष ३१ मार्चच्या दिवसभरातील नोंदी वगळतो. त्याऐवजी ‘१ एप्रिलपूर्वी’ असे लिहावे.

देवनागरी मजकूर

युनिकोडमध्ये स्वरचिन्हाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. ‘गू’ हे वाचकाला एक अक्षर वाटले तरी संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हे आहेत, आणि ‘क्ष’ ही तीन. याचा फायदाही होतो: ‘माडग?ळकर’ असे शोधल्यास ‘माडगूळकर’ व ‘माडगुळकर’ ही दोन्ही लेखने सापडतात. (अर्थात ग. दि. आणि व्यंकटेश हे दोघे बंधू मग एकाच यादीत येतात.) ‘शिंदे’ व ‘शिन्दे’ यांना मात्र दोन निकष लागतात.

‘कऱ्हाड’ या गावाचे नाव अधिक अवघड आहे. त्यातील ऱ्ह दोन प्रकारे टंकित होतो: खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त चिन्ह योजून, किंवा साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह योजून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. सांकेतिक क्रमांक जसेच्या तसे ताडून पाहणाऱ्या शोधाला ती भिन्न वाटतात. ‘क*हाड’ असा शोध दोन्ही रूपे पकडतो, ‘कराड’ हे लेखन मात्र त्यातूनही सुटते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेल्या जुन्या नोंदी तर रूपांतर केल्याशिवाय युनिकोडमधील शोधाला सापडतच नाहीत.

गाळणी लागू असताना

ॲक्सेसच्या तक्त्याखालील पट्टीवर गाळणी लागू आहे की नाही हे दिसते, आणि लागू असेल तर नोंदींचा आकडा गाळलेल्या नोंदींचाच असतो. वार्षिक तपासणीत तो एकूण संग्रहाचा आकडा समजून लिहिला जाण्याचा धोका असतो. गाळलेला तक्ता समोर असताना सर्व नोंदी निवडून पुसल्यास दिसणाऱ्या नोंदीच जातात. याउलट, नोंदी पुसणारी स्वतंत्र पृच्छा चालवल्यास ती तक्त्यावर लावलेल्या गाळणीकडे पाहत नाही. तिच्या स्वतःच्या निकषात बसणाऱ्या सर्व नोंदी, दृश्य असोत वा अदृश्य, नष्ट होतात, आणि पुष्टी दिल्यानंतर ते कृत्य मागे घेता येत नाही. म्हणून हेच निकष आधी साध्या निवड-पृच्छेत चालवून यादी व आकडा पाहण्याचा प्रघात आहे.