पिंगची गोष्ट : प्लॅन वाढवूनही लॅग का जात नाही?

घरी 300 एमबीपीएसचं फायबर, कोपऱ्यात सहा अँटेना वर केलेला महागडा 'गेमिंग' राउटर, आणि तरीही आतल्या खोलीत कुणी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की व्हॅलोरंटमधला आपला गडी भिंतीला डोकं लावून उभा! ही रड मी ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे वरचा प्लॅन. महिनाभर बरं वाटतं (मनाचे खेळ), मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मंडळी, या रडगाण्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की पैसे कुठे घालायचे हेही कळतं, म्हणून या शनिवारी तोच विषय.

सुरुवात पिंगपासून. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस नावाच्या माणसाला नेटवर्कमधला एक बिघाड शोधायचा होता. त्यासाठी त्याने एका संध्याकाळीत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला : समोरच्या मशीनला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. आज गेममध्ये कोपऱ्यात जो आकडा लाल होतो तो याच कल्पनेचा.

हा आकडा आणि एमबीपीएस यांचा संबंध फार थोडा आहे. गच्चीवरच्या टाकीचा पाइप किती जाड आहे ते म्हणजे एमबीपीएस. नळ सोडल्यावर पहिला थेंब कधी पडतो ते म्हणजे पिंग. पाइप जाड केला तर बादली लवकर भरेल, पण टाकी काही जवळ येणार नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत 3900 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन येऊन 39 मिलिसेकंद कुठे गेले नाहीत. प्रत्यक्ष केबल वळसे घेत जाते, त्यामुळे त्याहून जास्तच. हे भौतिकशास्त्र आहे, कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही.

पण अंतर हा झाला एक भाग. खरा खलनायक दुसरा आहे : रांग.

ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि तिच्या खालीच असलेलं बर्कली विद्यापीठ यांच्यातलं नेटवर्क एक दिवस गुडघ्यावर आलं. अंतर किती, तर 400 यार्ड. वेग 32 केबीपीएसवरून घसरून 40 बीपीएस झाला. किलो-बिलो काही नाही, नुसते चाळीस बिट. चालत जाऊन कागद दिला असता तर लवकर झालं असतं. लॅबमधल्या व्हॅन जेकबसनने बर्कलीच्या माइक कॅरल्सबरोबर याचा छडा लावला. प्रत्येक मशीन आपलं पॅकेट पोचलं नाही असं समजून तेच पुन्हा पाठवत होतं, त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. उपाय असा निघाला की पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने समजायचं पुढे गर्दी आहे, आणि आपला वेग कमी करायचा. 1988 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. मधल्या काळात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण टीसीपीच्या शिस्तीचा पाया अजून तोच आहे.

यातली मेख लक्षात ठेवा : पॅकेट हरवणं ही चूक नाही, तो निरोप आहे. पुढचा सगळा घोळ हा निरोप दाबला गेल्यामुळे झाला.

गेमवाल्यांना ही जाणीव 1996 साली झाली. त्या वर्षी क्वेक आला. इंटरनेटवर खेळताना तुम्ही बटण दाबलं की ते सर्व्हरकडे जायचं आणि उत्तर आल्यावर तुमचा माणूस हलायचा. जॉन कार्मॅकने नंतर मोकळेपणाने लिहिलं की आपण 200 मिलिसेकंदांच्या आतली कनेक्शनं डोळ्यांपुढे ठेवली होती, आणि मॉडेमवाल्या सामान्य जनतेला मिळत होते 300 च्या वर. साहेबांच्या घरी टी-1 लाइन होती ना! मग डिसेंबर 1996 मध्ये क्वेकवर्ल्ड आला. आता तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरची वाट न बघता अंदाजाने तुम्हाला पुढे सरकवतो आणि उत्तर आल्यावर चूक दुरुस्त करतो. आज गेममध्ये लॅग आला की आपण चार पावलं मागे फेकले जातो ना, ती हीच दुरुस्ती. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या स्टुअर्ट चेशायरने वेग नव्हे, विलंब बघा असं बजावणारा एक खरमरीत लेख लिहिला. तो स्वतः बोलो या रणगाड्यांच्या नेटवर्क गेमचा कर्ता, म्हणजे दुखणं घरचंच.

आपल्याकडे काय चाललं होतं? 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे कित्येक वर्षं भारतातल्या एका कंपनीच्या ग्राहकाचं पॅकेट दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे जाताना अनेकदा परदेशवारी करून यायचं. घाटकोपरहून ठाण्याला व्हाया अमेरिका! ते थांबावं म्हणून 2003 साली निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज, स्थापन झालं. ऑक्टोबर 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं गेलं. पुढे ते 512 झालं आणि 2023 मध्ये 2 एमबीपीएस. गंमत बघा, 2004 च्या व्याख्येत 'इंटरॅक्टिव्ह' सेवांचा उल्लेख आहे, पण आकडा फक्त डाउनलोड स्पीडचा. उत्तर किती वेळात यावं, यावर व्याख्या गप्प. जाहिरातीही मग त्याच आकड्याच्या झाल्या. दरम्यान इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत काउंटर-स्ट्राइक लॅनवर एक-दोन मिलिसेकंदात चालत होतं, आणि तीच पोरं घरी आली की इंटरनेटच्या नावाने बोटं मोडत होती.

आता मुख्य पात्र. जिम गेटिस हा एक्स विंडो सिस्टिमच्या मूळ कर्त्यांपैकी एक, 2010 साली बेल लॅब्समध्ये. घरी मुलं म्हणायची नेट स्लो आहे. हा तपासायला गेला की सगळं ठीक! एकदा घरून मोठी फाइल पाठवताना त्याने पिंग लावून ठेवला. एरवी काही मिलिसेकंदात येणारं उत्तर सेकंदाच्या वर गेलं होतं, आणि फाइल संपताच सगळं पुन्हा सुरळीत. त्याने व्हिंट सर्फ, जेकबसन अशा जुन्या जाणत्यांना आकडे दाखवले आणि रोगाला नाव दिलं बफरब्लोट.

झालं होतं असं की मेमरी स्वस्त झाली. मॉडेम-राउटर बनवणाऱ्यांनी विचार केला, पॅकेट टाकून देणं वाईट, तर मोठा बफर ठेवू, सगळं सांभाळून घेऊ. हेतू चांगला. पण पॅकेट हरवतच नाही म्हटल्यावर टीसीपीला गर्दीचा निरोप मिळेना, आणि तो बफर भरेपर्यंत ओततच राहिला. हिशोब करून बघा : 256 केबीपीएसचा अपलोड आणि समोर फक्त 64 केबीचा बफर. तो भरला की रिकामा व्हायला 2 सेकंद. तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी. रिझर्वेशनच्या खिडकीवर पुढे एजंट चाळीस फॉर्म घेऊन उभा आहे आणि तुम्हाला एकच तिकीट हवंय, तसलं.

2012 च्या मे महिन्यात कॅथलीन निकल्स आणि पुन्हा आपले जेकबसन यांनी कोडेल मांडलं. रांग किती लांब आहे हे बघायचं नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघायचं. थांबण्याचा किमान वेळ 100 मिलिसेकंदांच्या खिडकीत सतत 5 च्या वरच राहिला, तर पॅकेट टाकायला सुरुवात. म्हणजे दाबलेला निरोप पुन्हा सुरू. याआधी 1993 मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांचं रेड होतं, पण त्याचे आकडे जुळवणं कटकटीचं, म्हणून लोक ते चालूच करत नसत. एरिक ड्युमाझेने कोडेलला प्रत्येक प्रवाहासाठी वेगळ्या रांगेची जोड दिली, आणि एफक्यू-कोडेल त्याच वर्षी लिनक्स 3.5 मध्ये आलं. एजंटची रांग वेगळी, एका तिकिटवाल्याला आधी पुढे घ्या. बास.

हे घरोघरी पोचवण्यामागे डेव्ह टाट आणि त्याच्याबरोबरची स्वयंसेवक मंडळी होती. त्यांना प्रयोगाला राउटर मिळाले त्याचीही एक गोष्ट आहे. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी54जी या निळ्या-काळ्या डब्यात लिनक्स आहे हे 2003 मध्ये उघड झालं, जीपीएल लायसन्समुळे कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला, आणि त्यातून 2004 साली ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. टाट 2025 च्या एप्रिलमध्ये गेला. ज्यांच्या घरचे व्हिडिओ कॉल त्याच्यामुळे नीट चालतात त्यातल्या बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल. मला ही गोष्ट जरा लागते.

असो. तर तुमच्या घरी काय करायचं? फोरकेसाठी नेटफ्लिक्स स्वतः 15 एमबीपीएस सांगतं, आणि गेमला त्याचा छोटासा अंशही लागत नाही. चौघांच्या घराला 100 पुष्कळ झाले. व्हिडिओ पुढचे तुकडे आधीच भरून ठेवतो, त्यामुळे त्याला विलंब चालतो. गेमला चालत नाही. म्हणून गेमिंग पीसीला आणि टीव्हीला केबल ओढा, दिसायला वाईट दिसली तरी. राउटर असा घ्या ज्यात एसक्यूएम आहे, किंवा ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढतं, आणि त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक निवडा. वेग मात्र लाइनच्या साधारण 90 टक्के ठेवा, कारण रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागायला हवी. तिथेच तिच्यावर तुमचा ताबा आहे. दहा टक्के स्पीड गेला म्हणून हळहळू नका. राउटरचा प्रोसेसर जरा दमदार हवा, स्वस्तातला डबा शंभर-दोनशेच्या पुढे धापा टाकतो. आणि रात्री नऊला कंपनीकडेच गर्दी होत असेल (आमच्या केबलवाल्याकडे व्हायची) तर याने काही होणार नाही, कंपनीच बदला.

काही विकत घेण्याआधी तपासा. एका खिडकीत पिंग चालू ठेवा आणि दुसरीकडून मोठा व्हिडिओ अपलोड करा. 15 चा आकडा 300 झाला तर रोग तोच. मॅकवाल्यांना तेवढंही करायला नको : 2021 पासून त्यात नेटवर्कक्वालिटी नावाची कमांड आहे, ती लाइनवर भार टाकून मिनिटाला किती फेऱ्या होतात ते मोजते. आणि ॲपलमध्ये हे मोजमाप पुढे रेटणारा माणूस कोण, तर रणगाडेवाला चेशायर.