गाऱ्हाणे आणि भरवसा: विलापस्तोत्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

आजाऱ्याच्या उशाशी, नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी किंवा मूल गमावलेल्या आईसमोर ख्रिस्ती माणसे धीर द्यायला बसतात, तेव्हा ‘विश्वास ठेवा’ हे शब्द हमखास येतात. ते प्रेमानेच म्हटलेले असतात. पण ऐकणाऱ्याच्या मनात बरेचदा वेगळाच अर्थ उमटतो: मला भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास उणा आहे. मग तो शंका गिळून टाकतो आणि उपासनेत सगळ्यांबरोबर उपकारस्तुतीची गीते गातो. अशा वाचकाला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की त्याने गिळलेले शब्द बायबलच्या मधोमध उघडपणे लिहिलेले आहेत. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे तक्रारीची आहेत. अभ्यासक त्यांना विलापस्तोत्रे म्हणतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याचे स्वागत करावे आणि वाटा दाखवाव्यात, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

सुरुवातीला 13वे स्तोत्र घ्यावे. ते जेमतेम सहा ओव्यांइतके लहान आहे. आरंभीच ‘किती काळ?’ असा प्रश्न चार वेळा येतो. देव विसरला, त्याने तोंड फिरवले, वैरी वरचढ झाला, अशी तक्रार आहे. मग मागणे येते: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. आणि शेवटी, काहीही बदलल्याचा पुरावा नसताना, गाणारा देवाच्या दयेवर भरवसा टाकतो. हाक, गाऱ्हाणे, मागणे, भरवसा, स्तुतीचे वचन असा हा घाट थोड्याफार फरकाने कितीतरी स्तोत्रांत सापडतो. जर्मन विद्वान हेर्मान गुंकेल (1862–1932) यांनी स्तोत्रांचे प्रकार पाडले, तेव्हा हा घाट स्पष्ट झाला. तोवर स्तोत्र कोणाचे आणि कोणत्या ऐतिहासिक प्रसंगाचे, याचाच शोध मुख्यतः चालत असे. गुंकेल यांनी वेगळा प्रश्न विचारला: माणसे हे केव्हा आणि कसे म्हणत असतील? नॉर्वेचे सिग्मुंड मोविंकेल यांनी याच प्रश्नाचा माग मंदिरातल्या सामूहिक उपासनेपर्यंत नेला.

या क्षेत्रातला सर्वांत रंगलेला वाद शेवटच्या वळणाविषयी आहे. तक्रार करणारा अचानक स्तुतीकडे कसा वळतो? जर्मन अभ्यासक योआखिम बेग्रिख यांनी 1934 साली सुचवले, की मधल्या जागी मंदिरातला याजक देवाच्या नावाने अभयवचन देत असावा. ते वचन मात्र लिहून ठेवलेले नाही. हे उत्तर आकर्षक आहे, पण ते बरेचसे गृहीतकावर उभे आहे. क्लाउस वेस्टरमान यांनी भर दिला तो आतल्या गतीवर. युद्धकैदी असताना हाताशी असलेल्या थोड्या पुस्तकांत स्तोत्रे होती आणि तिथेच त्यांचा अभ्यास आकाराला आला. स्तुती आणि विलाप हे देवाशी बोलण्याचे दोन मूळ सूर आहेत आणि इस्राएलच्या विलापाची ओढ स्तुतीकडे असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

पण या गतीचा नियम करू नये, म्हणून 88वे स्तोत्र जवळ ठेवावे. त्यात वळण येतच नाही. माणूस दिवसरात्र हाक मारतो, सोबती दूर गेले म्हणतो, देवानेच हे केले असा आरोप करतो आणि स्तोत्र अंधारावर संपते. संपादकांना एखादे आशेचे कडवे जोडता आले असते. त्यांनी ते जोडले नाही. मात्र या स्तोत्रातही देवाविषयीची तक्रार दुसऱ्या कुणाकडे नाही, देवापाशीच आहे. बोलणाऱ्याने श्रोता बदललेला नाही. माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचे मर्म इथे आहे. भीती ओसरल्यावर मनाला येणारी शांती म्हणजे भरवसा, असे आपण धरून चालतो. विलापस्तोत्रांतला भरवसा भीती असतानाच सुरू होतो आणि काही वेळा हाक मारत राहणे एवढेच त्याचे रूप असते.

तक्रार एकट्याचीच असते असेही नाही. 44व्या स्तोत्रात सगळे लोक म्हणतात, की आम्ही करार मोडला नाही, तरी तू आम्हांला शत्रूच्या हाती दिलेस. 74व्या स्तोत्रात मंदिराचा विध्वंस डोळ्यांसमोर आहे. दुःख म्हणजे पापाची शिक्षा, हे सोपे गणित इथे चालत नाही. आणि 109सारखी शापाची स्तोत्रेही आहेत, जी वाचताना अंगावर काटा येतो. कॅथलिक चर्चच्या 1970च्या नित्यप्रार्थनेत 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे वगळण्यात आली. त्याच नित्यप्रार्थनेत शुक्रवारी झोपण्यापूर्वी 88वे स्तोत्र म्हणतात. काय ठेवावे आणि काय वगळावे, हा प्रश्न किती जिवंत आहे ते यावरून दिसते. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगेमन यांनी 1980च्या दशकात इशारा दिला, की विलाप उपासनेतून हद्दपार झाला तर अन्यायाविरुद्ध देवाकडे दाद मागण्याची भाषाच मंडळी गमावून बसतात.

ख्रिस्ती वाचनाला आणखी एक पदर आहे. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरचा येशू 22व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीने आक्रोश करतो. चर्चचा प्राचीन आचार्य ऑगस्टिन या स्तोत्रांत ख्रिस्त आणि त्याचे लोक एकाच मुखाने बोलताना ऐकतो. ऐतिहासिक पद्धतीचा अभ्यासक हे वाचन नंतरचे म्हणेल आणि त्याचे म्हणणे रास्त आहे; पण मंडळींनी ही स्तोत्रे शतकानुशतके याच श्रद्धेने म्हटली, हाही इतिहासच आहे. जर्मन पाळक दीट्रिख बोनहोफर यांनी 1940 साली स्तोत्रांवर छोटे पुस्तक लिहिले ते याच परंपरेत राहून. पुढे नाझींच्या तुरुंगातही ते स्तोत्रे वाचत राहिले. 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

मराठी वाचक या दारात परका नाही. नामदेव आणि जनाबाई विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, हे आपल्या कानांना सरावाचे आहे. फरकही ध्यानात घ्यावा: अभंगातल्या भांडणाला सलगीचा आधार आहे, तर इस्राएलच्या गाऱ्हाण्याला प्रेमासोबत कराराचा. तू वचन दिले आहेस, आता न्याय कर, असे तिथे बजावले जाते. मराठीतले आणखी जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. 1921 साली एकुलती लेक मनोरमाही गेली. तरी त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. एप्रिल 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा विश्वास आणि त्यांचे दुःख वेगळे काढून दाखवता येणार नाही.

आता अभ्यासाच्या काही व्यावहारिक सूचना. जुन्या लॅटिन परंपरेतल्या ग्रंथांत बहुतेक स्तोत्रांचे क्रमांक एकाने मागे असतात. संदर्भ जुळला नाही तर आधी हे तपासावे. प्रथम 13, मग 22, 44 आणि 88 या क्रमाने मोठ्याने वाचावे आणि मगच भाष्यांकडे वळावे. प्रत्येक स्तोत्रात कोण, कोणाशी आणि कशाच्या बळावर बोलतो, हे तीन प्रश्न टिपून ठेवावेत. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी ही स्तोत्रे दुःखितावर औषधासारखी लादू नयेत. तो स्वतः म्हणू शकत नसेल, तर त्याच्या वतीने म्हणावीत. ज्याला शंका आहे त्याने ती फिटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. या अभ्यासात शंका हा प्रवेशाला अडथळा नाही; यातली कितीतरी स्तोत्रे शंकेपासूनच सुरू होतात.