रेल्वे हॉटेल

रेल्वे कंपनीने प्रवाशांच्या मुक्कामासाठी स्थानकातच किंवा त्याला लागून चालवलेले हॉटेल. ठळक नमुना म्हणजे लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावरील मिडलँड ग्रँड (१८७३). जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या या राजवाडी इमारतीत खोल्या शेकडो, न्हाणीघरे मात्र मोजकी. १९३५ मध्ये ते बंद पडले आणि २०११ मध्ये नव्या रूपात उघडले. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस (आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) फ्रेडरिक स्टीव्हन्सने त्याच गॉथिक वळणाने उभारले, पण घुमटाखाली कचेऱ्या थाटल्या.

कळंबकडच्या (जि. धाराशिव) प्रवाशाला हा थाट लांबचाच. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. कळंबच्या वाट्याला आले ते ‘कळंब रोड’ हे गावापासून दूरचे स्थानक. मुंबईसाठी कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे.

आज मुक्कामाला रिटायरिंग रूम असते: खाट, पंखा, न्हाणी आणि फलाटावरच्या घोषणा फुकट. त्यासाठी तिकिटाचा पीएनआर लागतो. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून ४८ खणांचे पॉड हॉटेलही आहे.